वर्णसंकर, गोदाकाठ आणि एक न पडलेला प्रश्न

नाशिकच्या पांडवलेण्यांपैकी तिसऱ्या लेण्यात वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षातला एक दीर्घ प्राकृत शिलालेख आहे. काळ इसवी सनाचे दुसरे शतक. राजमाता गौतमी बलश्री हिने ते लेणे बौद्ध भिक्षूंना दान दिले आणि दानलेखात आपला दिवंगत पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याची थोरवी कोरविली. चातुर्वर्ण्याचा संकर त्याने थांबविला, हे त्या थोरवीतले एक कलम. बौद्ध विहाराच्या भिंतीवर हे कोरताना कोणाला संकोच वाटला असेल, असे दिसत नाही.

संकर थांबविणे म्हणजे स्त्रीपुरुषसंबंधांवर पहारा ठेवणे. हा पहारा नेमका कशावर होता, ते मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात दिसते. कन्येवर बळजबरी करणाऱ्यास वध सांगितला आहे. कन्या राजी आणि पुरुष समवर्णीय असेल तर वध नाही. उच्च पुरुषाकडे आपण होऊन गेलेल्या कन्येला दंडच नाही, हीनाकडे गेली तर तिला घरात कोंडावे, आणि उच्च कन्येशी संग करणाऱ्या हीन पुरुषाला मात्र पुन्हा वध. कन्यादूषण हे उपपातकांत गणले आहे, हे खरे. तरीही दंडाचे माप 'केव्हा' यावर ठरत नाही, 'कोणाशी' यावर ठरते. कुमारीच्या पोटी जन्मलेल्या 'कानीन' पुत्राविषयी मनू आणि याज्ञवल्क्य यांचे मतभेद आहेत, तेही तो कोणाचा याबद्दल: एक त्याला तिच्या भावी पतीचा म्हणतो, दुसरा मातामहाचा.

याच सातवाहन घराण्यातील हालाच्या नावावर 'गाथासप्तशती' आहे. तिच्यातल्या एका प्रसिद्ध गाथेत गोदाकाठच्या कुंजात फिरणाऱ्या धार्मिकाला एक स्त्री निर्धास्त हिंडायला सांगते. त्याला छळणारे कुत्रे सिंहाने मारले आहे, आणि तो सिंह तिथेच वस्तीला आहे! संकेतस्थळ मोकळे व्हावे म्हणून केलेली ही युक्ती आनंदवर्धनाने ध्वनीचे उदाहरण म्हणून घेतली. एम.ए.च्या वर्गात ही गाथा शिकविताना आम्हांला हमखास एक प्रश्न येतो: ती विवाहित की अविवाहित? गाथा ते सांगत नाही. धर्म तिथे आहे, पण फुले वेचणाऱ्या एका अडचणीच्या माणसाच्या रूपात. तिला 'स्वैरिणी' ठरविले ते पुढच्या टीकाकारांनी.

मधल्या शतकांत ऋतुप्राप्तीपूर्वी कन्यादान करावे हा नियम घट्ट होत गेला आणि निदान ब्राह्मणादी जातींत हा प्रश्नच मिटला; 'विवाहापूर्वी' असा तरुण स्त्रीचा काळच उरला नाही. म्हणून १८९१च्या संमतिवयाच्या वादात टिळकांचा पक्ष आणि सुधारक भांडले ते विवाहित मुलीच्या शरीरावरून: वय १० वरून १२ केल्यास गर्भाधानाचा संस्कार अडतो की नाही, यावर. अविवाहितेचा विषय त्या गदारोळात जवळजवळ नाही. तो येतो १९२९च्या सारडा कायद्यानंतर, मुलीचे विवाहवय १४ झाल्यावर. १९७८ मध्ये ते १८ झाले. ऋतुप्राप्ती आणि विवाह यांमधली ही मोकळी वर्षे शास्त्रकारांनी प्रयत्नपूर्वक बुजविली होती. ती कायद्याने आणि मुलींच्या शिक्षणाने पुन्हा उघडली, आणि वर्गातला तो प्रश्न तिथून आलेला आहे.