धर्मग्राम: वसईच्या किनाऱ्यावरील गावाचा दुसरा नकाशा

१/ दौंडजवळच्या भांडगावासारखे देशावरचे गाव म्हटले की पाटील, कुलकर्णी आणि चावडी आठवते. वसईच्या किनाऱ्यावर गावाला आणखी एक हद्द असते: धर्मग्रामाची. धर्मग्राम म्हणजे एका चर्चच्या अधिकारातील ख्रिस्ती वस्ती, अर्थात पॅरिश.

२/ भूगोल: दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस समुद्र. मधल्या पट्ट्यात गोड्या पाण्याची बावखले आणि त्यांवर पोसलेल्या केळी-पानवेलींच्या वाड्या. बागायती सामवेदी व वाडवळांची; किनाऱ्यालगत कोळी.

३/ १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहान्वये वसई पोर्तुगिजांना दिली. पुढे मिशनऱ्यांनी चर्च उभारली. जमिनीचा वसूल सरकार व जहागीरदारांकडे गेला. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू मात्र चर्चच्या वहीत नोंदले जाऊ लागले.

४/ मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. शरणागतीच्या अटींनुसार मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस उपासनेची मुभा मिळाली. युरोपीय पाद्री गेले. धर्मग्रामे गोव्याकडील देशी धर्मगुरूंनी सांभाळली. किल्ल्यावरचे निशाण बदलले, रयत तीच राहिली.

५/ मात्र धर्मग्राम म्हणजे संपूर्ण गाव नव्हे. सामवेदी हिंदूही आहेत, ख्रिस्तीही, बोली एकच. निर्मळ येथे चर्च आहे आणि शंकराचार्यांच्या मंदिराची कार्तिकी यात्राही भरते.

६/ १९९८ मध्ये वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाला. २००९ मध्ये महानगरपालिका आली. गावे तिच्या हद्दीत घेण्यास मोठा विरोध झाला. म्हणून वसईचा इतिहास केवळ महसुली दप्तरातून लिहिला, तर अर्धे गाव निसटते. केवळ चर्चच्या वहीतून लिहिला, तर उरलेले अर्धे.