प्रकाशाची वाटणी

खिडकीपासून दहा पावलें आंत गेलें, कीं भर दुपारींहि वर्तमानपत्र वाचवत नाहीं, हा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांस असेल. दाराशीं आलेल्या उजेडाला घरांत खोलवर कसें न्यावयाचें, हा प्रश्न जुनाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील मोठ्या शहरांत तो फार तीव्र झाला. जमिनीचे भाव चढले, तशा इमारती अरुंद तोंडाच्या व खोल होऊं लागल्या. मागल्या भागांत बसणाऱ्या कारकुनाच्या वाट्यास दिवसाहि गॅसचा दिवा, त्याचा उकाडा आणि दूषित हवा येई.

यावर जेम्स पेनीकुक नांवाच्या संशोधकानें काचेचा उपाय काढला. त्याचें पेटंट १८८५ सालचें. चार इंची चौरस काचेच्या एका अंगास त्रिकोणी कंगोरे पाडावयाचे, व अशा काचा जोडून खिडकीच्या वरच्या भागांत बसवावयाच्या. आकाशांतून खालीं येणारा प्रकाश त्या कंगोऱ्यांत वळतो आणि उंबऱ्याजवळ न पडतां खोलीच्या मागल्या टोकाकडे जातो. पुढें शिकागोंत लक्सफर प्रिझम कंपनी निघाली. ‘प्रकाश’ व ‘वाहून नेणें’ या अर्थांच्या लॅटिन शब्दांवरून तिचें नांव पडलें. फ्रँक लॉइड राइट या तरुण स्थापत्यविशारदानें १८९७ मध्यें तिच्या काचांकरितां नक्ष्या काढून दिल्या.

पुढें विजेचा दिवा स्वस्त झाला, आणि कित्येक दुकानांतील या काचा पाट्यांखालीं झांकून गेल्या. १९७३ सालच्या तेलटंचाईनें वीज जपून वापरण्याची गरज पटली, तेव्हां वास्तुशिल्पी पुनः सूर्याकडे वळले. कॅलिफोर्नियांतील सनीव्हेल येथें १९८३ मध्यें लॉकहीड कंपनीची जी पांच मजली इमारत पुरी झाली, तिच्या खिडक्यांत प्रकाशफळ्या आहेत.

युक्ति अगदीं साधी. नजरेच्या वर, खिडकींत एक आडवी फळी बसवितात. तिचें वरचें अंग पांढरें असतें. ऊन तिच्यावरून छताकडे परततें व छत तें खोलीभर पसरतें. फळीखालीं सांवली राहते, म्हणून जवळच्या माणसाचे डोळे दिपत नाहींत. ढगाळ दिवशीं तिचा लाभ थोडा. धूळ सांचली तर त्याहून थोडा. आणि छत काळवंडलें असेल तर जवळजवळ नाहींच.

या फळीनें उजेडांत फारशी भर पडत नाहीं, त्याची वाटणी मात्र सुधारते. खिडकीपाशीं बसलेल्यास थोडी सांवली मिळते, आणि मागें बसलेल्या त्या कारकुनास त्याच्या वांट्याचा थोडा दिवस.