कल्याणकारी खर्च व संविधान, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या संघशासनाने वृद्ध, बेकार, आजारी व निर्धन नागरिकांसाठी करांतून आलेला पैसा खर्च करावा काय, आणि करावयाचा झाल्यास संविधान त्यास कोणत्या मर्यादा घालते, यांविषयी दोन शतकांहून अधिक काळ चाललेला वाद. ब्रिटनसारख्या देशात संसद सार्वभौम असल्याने असा प्रश्न मुख्यतः धोरणाचा व पैशाचा राहिला. अमेरिकेच्या संघशासनास मात्र संविधानाने नेमून दिलेलेच अधिकार आहेत. उर्वरित अधिकार घटकराज्यांकडे व जनतेकडे राहतात, असे १७९१ मधील दहावी घटनादुरुस्ती सांगते. त्यामुळे तेथे खर्चाच्या इष्टतेबरोबरच तो करण्याच्या अधिकाराचा प्रश्न सतत उपस्थित होत आला.

कलमाचे दोन अर्थ : वादाचे मूळ संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदातील आठव्या विभागात आहे. देशाची कर्जे फेडणे, सामाईक संरक्षण आणि सार्वजनिक कल्याण यांसाठी कर बसविण्याचा अधिकार त्याने काँग्रेसला दिला आहे. ‘सार्वजनिक कल्याण’ हा शब्दप्रयोग संविधानाच्या आधीच्या राज्यमंडळाच्या कराराच्या मसुद्यातही होता. जेम्स मॅडिसन (१७५१–१८३६) याच्या मते हे शब्द म्हणजे त्याच विभागात पुढे दिलेल्या विशिष्ट अधिकारांचे केवळ प्रास्ताविक होय. त्यांना स्वतंत्र अर्थ दिल्यास अधिकारांची यादी करण्याचे प्रयोजनच उरणार नाही, असे त्याने १७८८ मध्ये प्रतिपादिले. पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याने १७९१ च्या उद्योगधंद्यांविषयीच्या अहवालात याउलट अर्थ लावला. खर्चाचा हेतू स्थानिक नसून सर्व देशाच्या हिताचा असला, म्हणजे काँग्रेसला कर बसवून पैसा खर्च करता येतो. त्यासाठी यादीतील अन्य अधिकाराचा आधार लागत नाही, असे त्याचे म्हणणे होते. न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी (१७७९–१८४५) याने १८३३ मधील आपल्या संविधानावरील भाष्यात हॅमिल्टनची बाजू उचलून धरली. परंतु सर्वोच्च न्यायालयाने यावर जवळजवळ दीडशे वर्षे निर्णय दिला नाही. या काळात वादाचा निकाल मुख्यतः राष्ट्राध्यक्षांच्या नकाराधिकाराने लागत असे.

एकोणिसावे शतक : राष्ट्राध्यक्ष या नात्याने मॅडिसनने ३ मार्च १८१७ रोजी रस्ते व कालवे यांसाठी निधी उभारणारे विधेयक परत पाठविले. अशी कामे उपयुक्त आहेत हे त्यास मान्य होते. त्यांसाठी घटनादुरुस्ती हवी, एवढेच त्याचे म्हणणे होते. दारिद्र्य व आजार यांच्या संदर्भात हा प्रश्न १८५४ मध्ये प्रथमच तीव्रतेने पुढे आला. डॉरोथीआ डिक्स (१८०२–८७) या समाजसेविकेने राज्याराज्यांतील तुरुंग व अनाथालये यांतील मनोरुग्णांची दैना प्रत्यक्ष पाहिली होती. तिच्या अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतर, मनोरुग्णांच्या सोयीसाठी १ कोटी एकर सार्वजनिक जमीन राज्यांना देणारे विधेयक काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी संमत केले. राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन पिअर्स याने ते फेटाळले. मनोरुग्णांसाठी असा अधिकार मानला, तर सर्व निर्धनांचा भार संघशासनावर येईल आणि राज्यांच्या स्वतःच्या दानशीलतेचे झरे आटतील, अशी त्याची भूमिका होती. १८८७ मध्ये ग्रोव्हर क्लीव्हलंडने टेक्सासमधील अवर्षणग्रस्त शेतकऱ्यांना बियाणे पुरविण्यासाठी मंजूर झालेली अवघी १०,००० डॉलरची रक्कमही याच विचाराने नाकारली.

तथापि प्रत्यक्ष व्यवहार या तत्त्वाप्रमाणे सरळ चालला नाही. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या गुलामांसाठी १८६५ मध्ये संघशासनाने स्वतंत्र कार्यालय स्थापिले. युद्धात भाग घेतलेले सैनिक व त्यांच्या विधवा यांच्या निवृत्तिवेतनांवर १८९० नंतरच्या काही वर्षांत संघशासनाच्या एकूण खर्चाच्या तृतीयांशाहून अधिक रक्कम जात होती. या खर्चास विरोध झाला, तो त्यातील गैरप्रकारांबद्दल. त्याच्या संविधानिकतेबद्दल फारसा झाला नाही. सैनिकाने ते सेवेने कमावले आहे, अशी त्यामागे समजूत होती. कमावलेला लाभ आणि दिलेली मदत यांतील हा भेद पुढील सर्व वादांत कायम राहिला.

प्राप्तिकर : मोठ्या प्रमाणावर कल्याणकारी खर्च करावयाचा तर उत्पन्नाचे तसेच साधन हवे. एकोणिसाव्या शतकात संघशासनाचे उत्पन्न मुख्यतः आयात जकात, जमिनीची विक्री व अबकारी कर यांतून येई. काँग्रेसने १८९४ मध्ये ४,००० डॉलरहून अधिक उत्पन्नावर २ टक्के कर बसविला. पण सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी तो अवैध ठरविला. प्रत्यक्ष कर राज्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात विभागला पाहिजे, ही संविधानातील अट त्याने पाळली नाही, असे बहुमताचे मत होते. ही अडचण दूर करणारी सोळावी घटनादुरुस्ती १९१३ मध्ये अंमलात आली. प्राप्तिकराचा पुरस्कार करणाऱ्यांत कोलंबिया विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन (१८६१–१९३९) हा प्रमुख होता. बाबासाहेब आंबेडकर त्या विद्यापीठात त्याचे विद्यार्थी होते आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांच्या १९२५ मधील ग्रंथास सेलिग्मननेच प्रस्तावना लिहिली.

महामंदी व सामाजिक सुरक्षा : महामंदीच्या काळात १९३३ मध्ये देशातील सु. एक चतुर्थांश कामगार बेकार होते. धर्मादाय संस्था, नगरपालिका व राज्ये यांची साधने संपुष्टात आली. फ्रँक्लिन रूझवेल्टने १९३२ च्या निवडणुकीत शासकीय खर्चात २५ टक्के कपात करण्याचे आश्वासन दिले होते, आणि मार्च १९३३ मध्ये सरकारी नोकरांचे पगार व माजी सैनिकांचे लाभ कमी करणारा कायदाही त्याने करून घेतला. मात्र त्याच वर्षी मे महिन्यात राज्यांना बेकारांच्या साहाय्यासाठी ५० कोटी डॉलर देण्याची तरतूद झाली. यानंतर प्रश्न तात्पुरत्या साहाय्याऐवजी कायम व्यवस्थेचा झाला. साठ वर्षांवरील प्रत्येकास दरमहा २०० डॉलर द्यावेत, ही कॅलिफोर्नियातील डॉक्टर फ्रान्सिस टाउनसेंड याची मागणी देशभर पसरल्याने काँग्रेसवरील दडपण वाढले.

१४ ऑगस्ट १९३५ रोजी झालेल्या सामाजिक सुरक्षा अधिनियमाची रचना न्यायालयाकडे पाहून केलेली होती. मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स हिने पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार न्यायमूर्ती हार्लन स्टोन याने तिला कर बसविण्याच्या अधिकाराचा आधार घेण्याचे खाजगीत सुचविले होते. अधिनियमात कर आणि वृद्धांचे लाभ यांची प्रकरणे हेतुतः वेगळी ठेवण्यात आली. कामगार व मालक या दोघांवर, वेतनाच्या पहिल्या ३,००० डॉलरपर्यंत, १९३७ पासून प्रत्येकी १ टक्का कर बसला. दरमहा निवृत्तिवेतन १९४० पासून सुरू झाले. स्वतः भरलेल्या वर्गणीमुळे लाभावर हक्क येतो ही भावना लोकांत रुजावी व पुढील राजकारण्यांना तो रद्द करता येऊ नये, हा रूझवेल्टचा हेतू होता. शेतमजूर व घरकाम करणारे यांना या योजनेतून वगळण्यात आले. दक्षिणेकडील कृष्णवर्णीय कामगारांपैकी फार मोठा भाग या दोन व्यवसायांत होता. गरीब मुलांच्या साहाय्याची वेगळी योजनाही याच अधिनियमाने सुरू केली. पण ती वर्गणीवर नव्हे, तर गरजेवर आधारलेली असून तिचा कारभार राज्यांकडे होता.

न्यायालयाचे निर्णय : ६ जानेवारी १९३६ रोजी ‘संयुक्त संस्थाने विरुद्ध बटलर’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शेतीविषयक अधिनियम रद्द केला. कृषिमालावर प्रक्रिया करणाऱ्यांकडून कर घेऊन, लागवड कमी करणाऱ्या शेतकऱ्यांना त्यातून पैसे देण्याची ती योजना होती. न्यायमूर्ती ओवेन रॉबर्ट्सच्या निकालपत्राने हॅमिल्टनचा अर्थ तत्त्वतः स्वीकारला. पण शेतीचे नियमन राज्यांचा विषय असल्याने पैशाच्या वाटेने संघशासनास त्यात शिरता येणार नाही, असे ठरविले. स्टोनसह तीन न्यायमूर्तींनी यास विरोध केला. पुढील वर्षी रूझवेल्टने न्यायमूर्तींची संख्या वाढविण्याची वादग्रस्त योजना मांडली आणि तिच्यावर चर्चा चालू असतानाच २४ मे १९३७ रोजी सामाजिक सुरक्षेविषयीचे दोन निर्णय जाहीर झाले. दोन्ही निकालपत्रे न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो (१८७०–१९३८) याने लिहिली.

बेकारी विम्याबाबतचा निर्णय पाच विरुद्ध चार मतांनी झाला. राज्याने स्वतःचा बेकारी विमा सुरू केल्यास मालकांना संघशासनाच्या करात ९० टक्क्यांपर्यंत सूट मिळे. हे प्रलोभन असले तरी सक्ती नव्हे, असे न्यायालयाने मानले. वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा निर्णय सात विरुद्ध दोन मतांनी लागला. एखाद्या राज्याने एकट्यानेच निवृत्तिवेतन दिल्यास गरजू तिकडे धाव घेतील आणि कराच्या भीतीने उद्योग तेथून निघून जातील. म्हणून हा प्रश्न राष्ट्रीय आहे, असे कार्डोझोने दाखविले. विशिष्ट हित व सार्वजनिक कल्याण यांतील सीमा ठरविण्याचे काम काँग्रेसचे असून, तिचा निर्णय उघडउघड मनमानी असल्याखेरीज न्यायालय त्यात पडणार नाही, हे तत्त्व यातून प्रस्थापित झाले. मॅडिसनचा अर्थ तेव्हापासून न्यायालयात मागे पडला. राजकीय वादात मात्र तो टिकून राहिला.

हक्क व अनुदान : खर्च करण्याचा अधिकार मान्य झाला, तरी लाभ मिळण्याचा हक्क संविधानाने दिला आहे, असे न्यायालयाने कधीही म्हटले नाही. वर्गणी भरल्याने निवृत्तिवेतनावर मालमत्तेसारखा करारजन्य हक्क येत नाही व काँग्रेस त्यात बदल करू शकते, हे १९६० च्या ‘फ्लेमिंग विरुद्ध नेस्टर’ या खटल्यात ठरले. लिंडन जॉन्सनच्या कारकीर्दीत १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर व गरिबांसाठी मेडिकेड या वैद्यकीय योजना सुरू झाल्यावर खर्चाची व्याप्ती पुष्कळच वाढली. १९७० मध्ये, साहाय्य बंद करण्यापूर्वी संबंधिताचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, असा दंडक न्यायालयाने घालून दिला. पण त्याच वर्षी, कुटुंब कितीही मोठे असले तरी साहाय्याची कमाल रक्कम ठरविण्याची मुभाही राज्यांना दिली. अशा रीतीने संविधानाचे संरक्षण कार्यपद्धतीपुरते राहिले, रकमेस मिळाले नाही.

कपातीचे राजकारण : १९७० नंतर चलनवाढ व तुटीचे अर्थसंकल्प यांमुळे वादाचे स्वरूप बदलले. रिचर्ड निक्सनने काँग्रेसने मंजूर केलेले पैसे खर्च न करता अडवून ठेवले, तेव्हा काँग्रेसने १९७४ मध्ये अर्थसंकल्पविषयक अधिनियम करून हा मार्ग नियंत्रित केला. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १३ व्या प्रस्तावाने स्थावर मालमत्तेवरील कर मूल्याच्या १ टक्क्यावर आणला आणि राज्याच्या नव्या करांसाठी विधिमंडळात दोनतृतीयांश बहुमताची अट घातली. रॉनल्ड रेगनने १९८१ मध्ये प्राप्तिकराचा कमाल दर ७० वरून ५० टक्क्यांवर आणला व गरिबांसाठीच्या अनेक योजनांत कपात केली. सामाजिक सुरक्षेला मात्र तितक्या सहजतेने हात लावता आला नाही. तिचा निधी संपत आल्यावर १९८३ मध्ये दोन्ही पक्षांच्या संमतीने करवाढ झाली आणि निवृत्तीचे वय ६५ वरून टप्प्याटप्प्याने ६७ करण्याचे ठरले.

खर्चास पुन्हा संविधानिक मर्यादा घालण्याचे प्रयत्नही याच काळातील होत. संतुलित अर्थसंकल्प सक्तीचा करणारी घटनादुरुस्ती १९९७ मध्ये सीनेटमध्ये केवळ एका मताने नापास झाली. तूट आपोआप कमी करणाऱ्या १९८५ च्या अधिनियमातील मुख्य तरतूद न्यायालयाने १९८६ मध्ये, तर खर्चाच्या निवडक बाबी रद्द करण्याचा राष्ट्राध्यक्षांस दिलेला अधिकार १९९८ मध्ये अवैध ठरविला. कपात करण्याची जबाबदारी काँग्रेसला दुसऱ्यावर सोपविता येत नाही, असा या निर्णयांचा परिणाम झाला. १९९५–९६ च्या हिवाळ्यात राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन व काँग्रेस यांच्यातील संघर्षामुळे अनेक सरकारी कार्यालये दोनदा बंद पडली. २२ ऑगस्ट १९९६ च्या अधिनियमाने गरीब कुटुंबांच्या साहाय्याची १९३५ पासूनची योजना संपविली. तिच्याऐवजी राज्यांना ठराविक ठोक अनुदान मिळू लागले व लाभार्थींना कामाची अट आणि सर्वसाधारणपणे पाच वर्षांची मुदत लागू झाली. नंतरच्या पाच वर्षांत साहाय्य घेणाऱ्यांची संख्या निम्म्याहून कमी झाली. त्यांपैकी किती जण रोजगारामुळे सावरले व किती निराधार राहिले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

एकविसावे शतक : २८ जून २०१२ रोजी बराक ओबामाच्या आरोग्यविमा अधिनियमाविषयी निर्णय देताना न्यायालयाने जुन्या प्रश्नास पुन्हा हात घातला. विमा न घेणाऱ्यावरील दंड हा वस्तुतः कर असल्याने तो वैध ठरला. परंतु मेडिकेडचा विस्तार न करणाऱ्या राज्याचे चालू अनुदानही काढून घेण्याची धमकी ही सक्ती होय, असे सात न्यायमूर्तींनी ठरविले. कार्डोझोने सूचित केलेली प्रलोभन व सक्ती यांतील सीमा ओलांडली गेल्याचे न्यायालयाने अशा अनुदानाच्या अटीबाबत प्रथमच म्हटले. परिणामतः विस्तार ऐच्छिक झाला आणि २०२४ च्या अखेरीस दहा राज्यांनी तो स्वीकारलेला नव्हता. समान उत्पन्नाच्या दोन गरीब कुटुंबांपैकी एकास वैद्यकीय साहाय्य मिळावे व राज्याची सीमा ओलांडताच दुसऱ्यास ते मिळू नये, असा भेद त्यातून निर्माण झाला.

मूल्यमापन : संघशासनाने कल्याणासाठी खर्च करावा की नाही, हा प्रश्न न्यायालयाने १९३७ मध्ये बव्हंशी काँग्रेसकडे सोपविला, त्यामुळे मर्यादा नाहीशा झाल्या नाहीत, त्यांची जागा बदलली. मतदार किती कर सोसतील, राज्ये कोणत्या अटी मानतील आणि लाभ कमावलेला मानला जातो की दिलेला, यांवर त्या अवलंबून राहिल्या. २०२३ मध्ये सामाजिक सुरक्षा, मेडिकेअर व मेडिकेड यांवर संघशासनाच्या खर्चाचा जवळजवळ निम्मा भाग जात होता. तरी कपातीचा पहिला आघात बहुधा गरजेवर आधारलेल्या, तुलनेने लहान योजनांवर झाला. वर्गणी भरणाऱ्या वृद्धांचा लाभ कायद्याच्या दृष्टीने काँग्रेसच्या इच्छेवर अवलंबून असूनही राजकीय दृष्ट्या जवळजवळ अढळ ठरला. निर्धन मुलांच्या साहाय्यास तसे संरक्षण मिळाले नाही. संविधानाच्या एका शब्दप्रयोगावरून सुरू झालेल्या या वादाचे ओझे अखेरीस ज्यांच्यावर पडले, त्यांना त्यात स्वतःची बाजू मांडण्याची संधी क्वचितच मिळाली.