पुनर्वसनाचे अंतर : मल्टिपल स्क्लेरोसिस, आभासी वास्तव आणि बारामती-इंदापूर

पुणे जिल्ह्यात अपंगत्वानंतरच्या पुनर्वसनाची संस्थात्मक परंपरा पहिल्या महायुद्धापासून सुरू होते. जायबंदी सैनिकांना उपजीविकेपुरते हातचे काम शिकवण्यासाठी 1917 साली स्थापन झालेली आणि पुढे खडकीत स्थिरावलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट, तसेच 1944 साली पुण्यात उभे राहिलेले कृत्रिम अवयव केंद्र, या दोन्ही संस्था लष्कराच्या गरजेतून निर्माण झाल्या. नागरी रुग्णांसाठी ही विद्या प्रथम मुंबईत रुजली. भारत सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि मुंबई महानगरपालिका यांच्या सहकार्याने 1952 मध्ये केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे, म्हणजे व्यायाम, हालचाल, शेक इत्यादी भौतिक साधनांनी करावयाच्या उपचारांचे, देशातील पहिले विद्यालय सुरू झाले, आणि 1955 मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था स्थापन झाली.

या संस्थांची घडण ज्या रुग्णाला डोळ्यांपुढे ठेवून झाली, त्याची हानी एकदाच घडून गेलेली असे. पाय गमावलेल्या माणसाने शहरात यावे, कृत्रिम पाय बसवून घ्यावा, चालण्याचा सराव करावा आणि गावी परतावे, अशी ती व्यवस्था होती, आणि पुण्यापासून सुमारे 100 किलोमीटरवरील बारामतीच्या किंवा त्याहून दूर, सोलापूर रस्त्यावरील इंदापूरच्या माणसालाही ती एखाद्या खेपेपुरती परवडण्याजोगी होती. मल्टिपल स्क्लेरोसिस या विकाराने मात्र ही मांडणीच अपुरी ठरवली, कारण त्यात हानी एकदा होऊन थांबत नाही.

मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टिचेता यांतील तंतूंवर मायलिन नावाचे मेदयुक्त आवरण असते. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून या आवरणावरच हल्ला करते, तेव्हा तेथे कठीण व्रण उमटतात आणि संदेशवहन मंदावते किंवा खुंटते. फ्रेंच वैद्य झां-मार्तें शार्को यांनी 1868 मध्ये या विकाराचे पद्धतशीर वर्णन केले. दृष्टी अंधूक होणे, तोल जाणे, हातापायांना मुंग्या येणे, स्नायू ताठणे आणि विश्रांतीनेही न ओसरणारा थकवा ही त्याची प्रमुख लक्षणे असून, अनेक रुग्णांत ती झटक्याने येतात, काही काळ ओसरतात आणि पुन्हा उद्भवतात. भारतात हा विकार दीर्घकाळ विरळा मानला गेला. मुंबईचे चेतारोगतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी यांचा पारशी समाजाविषयीचा अभ्यास 1990 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्या समाजात हा विकार विरळा नसल्याचे दिसून आले. एमआरआय तपासणीचा प्रसार झाल्यावर इतर समाजांतील निदानही वाढले. 1985 मध्ये मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील 21 प्रकारांत या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले.

व्यायामाचे स्थान या विकाराच्या उपचारांत उशिरा निश्चित झाले. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उटहोफ यांनी 1890 मध्ये असे नोंदवले होते की, श्रमानंतर काही रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते. शरीराचे तापमान वाढल्याने आवरण गमावलेल्या तंतूंतील संदेशवहन आणखी क्षीण होते, हे त्याचे कारण पुढे स्पष्ट झाले. पण त्या निरीक्षणाच्या धाकाने रुग्णांना अनेक दशके श्रम टाळण्याचाच सल्ला दिला गेला. अमेरिकेतील युटा विद्यापीठात जॅक पेटाजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत बेताच्या व्यायामाने रुग्णांची क्षमता वाढत असल्याचे आढळले, आणि त्यानंतर सल्ल्याची दिशा पालटली. व्यायाम हितकर ठरल्यावर तो वर्षानुवर्षे, न कंटाळता आणि न पडता कसा करवून घ्यावा, हा प्रश्न पुढे आला.

या प्रश्नाच्या उत्तरात आभासी वास्तवाचा, म्हणजे संगणकाने निर्माण केलेल्या आणि हालचालीनुसार तत्क्षणी बदलणाऱ्या दृश्यसृष्टीचा, प्रवेश झाला. आयव्हन सदरलँड यांनी 1968 मध्ये अशी दृश्ये डोळ्यांपुढे दाखवणारे, डोक्यावर घालण्याचे उपकरण बनवले. त्याचा भार पेलण्यासाठी ते छताला टांगावे लागे. 1990 च्या दशकात वॉशिंग्टन विद्यापीठातील हंटर हॉफमन यांनी भाजलेल्या रुग्णांच्या वेदना कमी करण्यासाठी आभासी दृश्ये वापरली, आणि 2006 नंतर हालचाल ओळखणारी घरगुती खेळयंत्रे व तोल मोजणारे फलक स्वस्त झाल्यावर ही साधने फिजिओथेरपीच्या कक्षांत आली. त्यांत रुग्ण पडद्यावरील किंवा आभासी वास्तवाच्या चष्म्यातील अडथळे ओलांडतो, वस्तू पकडतो, चालता चालता दुसऱ्या कामाकडे लक्ष देतो, आणि प्रत्येक हालचाल साधली की चुकली हे त्याला लगेच कळते. अशा अर्थपूर्ण पुनरावृत्तीतून मेंदूतील शाबूत मार्ग अधिक कामात घेतले जावेत, ही त्यामागील कल्पना आहे. आजवरच्या अभ्यासांत तोल, चाल आणि थकवा यांत काही सुधारणा दिसल्या असल्या, तरी बहुतेक अभ्यास लहान आहेत. शिवाय या पद्धतीने मूळ विकार थांबत नाही, आणि चक्कर किंवा दृष्टिदोष असलेल्या रुग्णाला चष्म्यामुळे मळमळही होऊ शकते.

बारामती व इंदापूर तालुक्यांत या साधनाचे मोल दोन कारणांनी वाढते. पर्जन्यछायेतील या प्रदेशाचा कडक उन्हाळा उटहोफ यांनी टिपलेला त्रास वाढवणारा आहे, आणि शहरापर्यंतच्या प्रवासातच थकलेल्या रुग्णाचा व्यायाम निष्फळ होतो. त्यामुळे सावलीत, घरात आणि तज्ज्ञाच्या दूरस्थ देखरेखीखाली करता येणारा सराव येथे सोयीपेक्षा अधिक काही आहे. बाहेरची विद्या आपलीशी करण्याचा या प्रदेशाचा इतिहासही त्या दृष्टीने बोलका आहे. 1876-77 च्या दुष्काळी कामांतून आकाराला आलेल्या आणि 1885 मध्ये वाहू लागलेल्या नीरा डाव्या कालव्याचे पाणी शेतकरी आरंभी पावसाच्या वर्षी घेत नसत. पुढे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या ब्लॉक पद्धतीने ठरावीक क्षेत्राला पाण्याची हमी देऊन पाटपाण्याच्या वाटपाला शिस्त लावली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या आयआयटीने ‘आक्वा’ ही संगणकीय प्रश्नोत्तर सेवा सुरू केली, तेव्हा बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञ दूरच्या शेतकऱ्यांच्या शंकांना उत्तरे देऊ लागले, आणि अलीकडे त्याच परिसरात उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चालू आहेत. या प्रत्येक टप्प्यावर साधनाइतकेच महत्त्व त्याच्या वापराची घडी बसवणाऱ्या स्थानिक यंत्रणेला होते.

आरोग्याच्या क्षेत्रात अशा यंत्रणेचा पाया बारामतीत घातला गेला आहे. 2019 मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि त्याच वर्षी ई-संजीवनी या राष्ट्रीय दूरवैद्यक सेवेचा आरंभ झाला. तथापि, चष्मा घरी पोहोचला म्हणून पुनर्वसन पोहोचले असे होत नाही. रुग्णाचा तोल प्रत्यक्ष पाहून व्यायामाची पातळी ठरवणे, पडण्याचा धोका ओळखणे, विकाराचा नवा झटका आल्यास सराव थांबवून त्याला चेतारोगतज्ज्ञाकडे पाठवणे आणि सूचना मराठीत समजावणे, ही कामे तालुक्याच्या ठिकाणी बसणाऱ्या फिजिओथेरपिस्टलाच करावी लागतील. शंभर वर्षांपूर्वीच्या पुनर्वसनाने रुग्णाला संस्थेपर्यंत आणले. वारंवार पालटणाऱ्या विकारात संस्थेलाच रुग्णाच्या सोबत दीर्घकाळ राहावे लागते, आणि आभासी वास्तवाची उपयुक्तता ते या सोबतीला किती हातभार लावते यावरूनच ठरवणे योग्य होईल.