अणूचे वजन चांदीच्या तराजूत

कोल्हापूरहून बंगळूरच्या दिशेने महामार्गाने निघाले की कागलजवळ डाव्या हाताला पंचतारांकित एमआयडीसी लागते. कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत ती पसरली आहे. ओतकामाचे, यंत्रभागांचे, कापडाचे कारखाने येथे आहेत. आणि वसाहतीच्या शेजारीच चांदीच्या दागिन्यांसाठी नावाजलेले हुपरी गाव आहे.

ओतशाळेत लोखंडाचा रस साच्यात ओतण्यापूर्वी त्यात कार्बन किती, सिलिकॉन किती, हे तपासावे लागते. हुपरीत चांदी हाती आली की पहिला प्रश्न असतो, टंच किती? वरवर हे प्रश्न धंद्याचे आहेत. पण ‘या पदार्थात काय आहे आणि नेमके किती आहे’ हाच रसायनशास्त्राचाही मूळ प्रश्न आहे. वर्गात आपण अणुभारांचा तक्ता भिंतीवर टांगतो आणि चांदीपुढचा १०८ हा आकडा पाठ करायला सांगतो. जपमाळेच्या मण्यांइतका असल्याने तो लक्षातही राहतो. मात्र एखादी चुणचुणीत मुलगी विचारतेच, ‘अणू दिसत नाही, मग त्याचे वजन केले कोणी?’ या प्रश्नाच्या उत्तराची वाट बरीचशी चांदीतूनच जाते. ती आपण पाहू.

टंच आणि मीठ

चांदीचा कस काढण्याची जुनी रीत आगीची होती. हाडांच्या राखेच्या वाटीत चांदीचा नमुना शिशाबरोबर तापवायचा. शिसे आणि तांब्यासारख्या हिणकस धातूंची भस्मे वाटीत मुरतात आणि शुद्ध चांदीची गोळी मागे राहते. परंतु या रीतीत थोडी चांदीही हरवते. पॅरिसच्या टांकसाळीला ही तूट परवडणारी नव्हती. तेथे काम करणाऱ्या गे-ल्युसॅक या शास्त्रज्ञाने १८३२ साली ओली रीत प्रसिद्ध केली. चांदी नायट्रिक आम्लात विरघळवायची आणि त्यात मिठाचे मोजलेले पाणी सोडत जायचे. सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा, दह्यासारखा साका खाली बसतो. पुढच्या थेंबाने पाणी गढूळ होईनासे झाले की थांबायचे. त्याने मिठाचे द्रावण असे बनवले होते की १०० घनसेंटिमीटर द्रावणाने बरोबर १ ग्रॅम चांदी खाली बसावी. आजच्या आकड्यांनी हिशेब केला तर अशा एक लिटर द्रावणात ५.४२ ग्रॅम मीठ लागते.

ही रीत चालते याचे कारण आपण नववी-दहावीत शिकवतो तो स्थिर प्रमाणाचा नियम. फ्रेंच रसायनज्ञ प्रूस्त याने अठराव्या शतकाच्या अखेरीस तो मांडला. चांदी कोठलीही असो, मीठ समुद्राचे असो वा खाणीचे, १ ग्रॅम चांदीपासून १.३२९ ग्रॅम सिल्व्हर क्लोराइडच मिळते. म्हणजे ०.३२९ ग्रॅम क्लोरीन. हे प्रमाण बदलत असते, तर टंच मोजण्याला अर्थच उरला नसता.

प्रमाण कळले, पण सूत्र?

प्रमाण स्थिर का असावे? डाल्टनने १८०३ ते १८०८ या काळात उत्तर दिले: प्रत्येक मूलद्रव्याचे अणू ठरावीक वजनाचे असतात आणि ते ठरावीक संख्येने जोडले जातात. त्याने एका अणूचे वजन केले नाही. हायड्रोजनचा अणू १ मानला, तर दुसरा किती पट जड, एवढेच त्याने विचारले.

येथेच खरी अडचण सुरू होते. चांदी आणि क्लोरीन यांचे वजनी प्रमाण सुमारे १०८ ला ३५.५ आहे. चांदीचा एक अणू क्लोरीनच्या एका अणूशी जोडला जात असेल, तर चांदीचा अणुभार १०८. पण दोन क्लोरीन अणूंशी जोडला जात असेल, तर तो २१६ होतो. तराजूला दोन्ही उत्तरे सारखीच मान्य! तराजू सांगतो तो सममूल्यभार. अणुभारासाठी सूत्र हवे, आणि सूत्र ठरवायचे तर आधी अणुभार हवा. हे चक्र अर्धे शतक फिरत राहिले. डाल्टनने पाण्यात एक हायड्रोजन व एक ऑक्सिजन मानला. स्वीडनचा बर्झेलिअस विश्लेषणात अत्यंत काटेकोर. पण चांदीच्या ऑक्साइडचे सूत्र चुकीचे धरल्याने १८२६ च्या त्याच्या तक्त्यात चांदीचा अणुभार २१६ च्या आसपास पडला. चूक वजनात नव्हती, अणू मोजण्यात होती.

उष्णतेची साक्ष

या चक्रातून बाहेर काढणारा एक पुरावा १८१९ सालीच पुढे आला होता. ड्यूलाँ आणि पेटी या फ्रेंच शास्त्रज्ञांनी घन मूलद्रव्यांची विशिष्ट उष्णता मोजली आणि तिला अणुभाराने गुणले. उत्तर जवळजवळ सारखेच येई, सुमारे ६. लोखंडासाठी ०.१०७ × ५६ = ६.०, तांब्यासाठी ०.०९२ × ६३.५ = ५.८. चांदीची विशिष्ट उष्णता ०.०५६ आहे. अणुभार १०८ धरला तर गुणाकार ६.० येतो, २१६ धरला तर १२.१. म्हणजे चांदीचा अणू १०८ चाच असला पाहिजे.

तरीही हा नियम लगेच सर्वमान्य झाला नाही. कार्बनसारखी काही मूलद्रव्ये त्यात बसत नव्हती. इटलीच्या कॅनिझारोने १८५८ मध्ये ॲव्होगाड्रोचे १८११ मधले विस्मरणात गेलेले गृहीतक पुन्हा मांडले आणि वायूंच्या घनतेवरून रेणुभार व अणुभार यांची घडी बसवून दाखवली. १८६० साली जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे भरलेल्या परिषदेत त्याचे म्हणणे रसायनज्ञांपुढे आले आणि पुढील काही वर्षांत गोंधळ मिटत गेला. त्याच शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणारे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी रसायनशास्त्रावर मराठीतून ग्रंथ लिहिले, हेही येथे आठवावे.

स्तासची चांदी

सूत्र ठरले, आता आकडा काटेकोर हवा होता. लंडनच्या प्राउट या वैद्याने १८१५ मध्ये सुचवले होते की सर्व अणुभार हायड्रोजनच्या पूर्ण पटीत असावेत. हे खरे, तर सारी मूलद्रव्ये हायड्रोजनचीच बनलेली! बेल्जियमच्या स्तासने याची परीक्षा घ्यायचे ठरवले, आणि त्यासाठी मापाचा धातू निवडला चांदी. तो शुद्ध करता येतो आणि त्याचा क्लोराइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. स्तासने चांदी पुन्हा पुन्हा शुद्ध केली, ऊर्ध्वपातनही केले. काही प्रयोगांत त्याने शेकडो ग्रॅम चांदी वापरली. १८६० आणि १८६५ मधील त्याच्या निबंधांनी चांदी १०७.९३ व क्लोरीन ३५.४६ असे आकडे दिले. पूर्णांकांचा नियम मिळेल अशा आशेने त्याने काम सुरू केले होते. शेवटी तो भ्रम आहे, असे त्याने लिहिले.

पण या चांदीतही एक दोष होता. वितळलेली चांदी हवेतला ऑक्सिजन आपल्या आकारमानाच्या वीसेक पट शोषून घेते आणि थिजताना तो बाहेर फेकते, त्यामुळे पृष्ठभागावर फोड उठतात. थोडा ऑक्सिजन आतच अडकतो. अमेरिकेत रिचर्ड्सने विसाव्या शतकाच्या प्रारंभी अधिक काळजीने प्रयोग करून आकडा १०७.८८ वर आणला. अणुभारांच्या अचूक मापनासाठी त्याला १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग प्राउट पूर्णपणे चुकला होता का? १९१९ पासून ॲस्टनने वस्तुमानवर्णलेखाच्या साहाय्याने अणू वजनानुसार वेगळे केले, तेव्हा दिसले की एकाच मूलद्रव्याचे अणू निरनिराळ्या वजनांचे असू शकतात. हेच समस्थानिक. नैसर्गिक चांदीत सुमारे ५२ टक्के अणू १०७ चे आणि ४८ टक्के १०९ चे असतात. सरासरी येते १०७.८७. म्हणजे हुपरीच्या कोणत्याही पैंजणात १०८ वजनाचा अणू शोधून सापडायचा नाही! तक्त्यातला आकडा सरासरीचा आहे, हे वर्गात आवर्जून सांगायला हवे. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्याही थेट संख्येने केली जाते: ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात. एवढे चांदीचे अणू घेतले तर त्यांचे वजन १०७.८७ ग्रॅम भरते.

वर्गात करून पाहण्याजोगे

ड्यूलाँ-पेटींचा पुरावा शाळेत दाखवता येतो. ११२ ग्रॅम लोखंडी नट, १२७ ग्रॅम तांब्याची तार आणि ५४ ग्रॅम ॲल्युमिनियम घ्यावे. वजने वेगळी असली तरी अणूंची संख्या प्रत्येकात सारखीच, दोन मोल. प्रत्येक धातू दोऱ्याला बांधून दहा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवावा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असल्याने तेथे पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. एकात एक बसवलेल्या दोन कागदी पेल्यांत २५ अंशांचे १०० ग्रॅम पाणी घ्यावे. धातू झटकून चटकन त्यात सोडावा, पाणी ढवळावे आणि तापमान पाहावे. तिन्ही वेळा ते सुमारे ८ अंशांनी वाढायला हवे. धातूबरोबर गरम पाणी आले, तर थोडा फरक पडेल.

मग मुलांना विचारावे, चांदी घ्यायची तर किती? दोन मोल म्हणजे २१६ ग्रॅम. हा नेमका बर्झेलिअसचा आकडा! त्याचे म्हणणे खरे असते, तर एवढ्या चांदीत एकच मोल अणू असते आणि पाणी जेमतेम ४ अंशांनी तापले असते. एवढी चांदी शाळेत कोण आणणार? पण ०.०५६ ला २१६ ने गुणून पाणी किती तापेल, हे मुलांना वहीत काढता येईल आणि बर्झेलिअसचा निकालही त्यांनाच लावता येईल.