बाहुलीवरची वैद्यकी

जमैकातील किंग्स्टन येथे १८०५ साली जन्मलेली मेरी सीकोल क्रिमियाच्या युद्धातील शुश्रूषेमुळे प्रसिद्ध आहे. आम्हांस तिचे बालपण अधिक बोलके वाटते. पिता स्कॉटिश सैनिक. माता गुलामीबाहेरची क्रिओल स्त्री, निवासगृह चालवून आजारी गोऱ्या अधिकाऱ्यांना औषधपाणी करणारी. आईचे उपचार मेरी आधी बाहुलीवर करी, मग कुत्र्या-मांजरांवर. घर स्वतंत्र खरे. परंतु मिश्रवर्णीयांना गोऱ्यांच्या बरोबरीचे नागरी हक्क १८३० पर्यंत नव्हते. १८५७ च्या आत्मकथेत ती वैद्यकीचे श्रेय आईला देते, उद्योगीपणाचे मात्र पित्याच्या स्कॉटिश रक्ताला. ते निवासगृह कोणी चालविले, हे ती विसरली काय? उत्तरायुष्यात ती कॅथलिक झाली. १८८१ साली लंडनमध्ये केन्सल ग्रीनच्या कॅथलिक दफनभूमीत तिला मूठमाती मिळाली.