भारत–तिबेट मैत्री संघ (भंडारा परिसर)

भारतीय आणि तिबेटी जनतेत स्नेह राहावा, तिबेटच्या प्रश्नावर भारतात लोकमत जागे राहावे, यासाठी काम करणारी बिगरसरकारी संघटना. देशात तिच्या ठिकठिकाणी शाखा असून पूर्व विदर्भात भंडारा आणि नागपूर येथील कार्यकर्ते तिच्यात दीर्घकाळ वावरत आले आहेत. सीमेपासून इतक्या दूरच्या धानपट्ट्यात तिबेटची आस्था कशी रुजली, याचे एक उत्तर भूगोलात आहे. नागपूरहून येताना भंडाऱ्याच्या अलीकडे लागणारे शहापूर, मग भंडारा, लाखनी, साकोली असा राष्ट्रीय महामार्ग धरून पूर्वेला जावे आणि नवेगावबांधच्या अंगाने आत वळावे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ ‘नोर्ग्येलिंग’ ही महाराष्ट्रातील एकमेव तिबेटी निर्वासित वसाहत लागते. स्थानिक बोलीत तिला सरळ ‘तिबेटी कॅम्प’ म्हणतात. दुसरे उत्तर राजकीय इतिहासात आहे आणि ते अधिक जुने आहे.

पूर्वपीठिका : चिनी फौजा ऑक्टोबर १९५० मध्ये पूर्व तिबेटमध्ये शिरल्या. मे १९५१ मध्ये सतरा कलमी करार तिबेटच्या गळी उतरवण्यात आला. २९ एप्रिल १९५४ रोजी भारताने चीनशी व्यापारविषयक करार केला. पंचशील तत्त्वे त्याच कराराच्या प्रस्तावनेत आहेत. ‘हिंदी-चिनी भाई भाई’च्या त्या दिवसांत तिबेटच्या बाजूने बोलणारे थोडे होते. राममनोहर लोहिया यांनी १९५० मध्येच या आक्रमणाला शिशुहत्येची उपमा दिली होती. दुसरा ठाम आवाज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा होता. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर बोलताना त्यांनी पंचशीलावर कोरडे ओढले. माओंचा त्या तत्त्वांवर विश्वास असता तर त्यांनी आपल्याच देशातील बौद्धांना वेगळे वागवले असते आणि ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ देऊन आपण चीनची हद्द भारताच्या दाराशी आणून ठेवली, असा त्यांचा रोख होता.

याच वर्षी, या भाषणाच्या काही महिने आधी, डॉ. आंबेडकर भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढले आणि हरले. भंडारा तेव्हा दोन जागांचा मतदारसंघ होता. राखीव जागेवर बाबासाहेबांचा पराभव झाला, तर सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. पुढे तिबेटच्या बाजूने ज्या दोन विचारधारा महाराष्ट्रात टिकून बोलल्या, त्या समाजवादी आणि आंबेडकरी. आणि १९५४ च्या उन्हाळ्यात त्या दोन्हींचे नेते भंडाऱ्याच्या धुळीत सभा घेत होते. त्या प्रचारात तिबेटचा मुद्दा होता असे म्हणण्याचे कारण नाही. पण पुढच्या काळात जिल्ह्यात मैत्री संघाला कार्यकर्ते मिळाले ते बहुतांशी याच दोन घरांतून, हे विसरून या शाखेचे वळण कळत नाही.

१० मार्च १९५९ रोजी ल्हासात उठाव झाला आणि ३१ मार्चला दलाई लामा तवांगच्या बाजूने भारतात आले. त्याच वर्षी मे महिन्यात जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने कलकत्त्यात अखिल भारतीय तिबेट परिषद भरली; एप्रिल १९६० मध्ये दिल्लीत आफ्रो-आशियाई परिषद झाली. लंडनमध्ये ‘तिबेट सोसायटी’ही १९५९ चीच. पुढे खासदारांचा सर्वपक्षीय तिबेट मंच सुरू झाला, तेव्हा त्याची धुरा मुंबईचे न्यायविद महंमद करीम छागला यांच्याकडे होती. भारत–तिबेट मैत्री संघ हा या सगळ्या प्रयत्नांचा वारस. संघाच्या घडणीवर जयप्रकाश–लोहिया परंपरेची छाप आहे. भाषा अहिंसेची, सभा गांधी-जयंतीच्या वळणाची, आणि ठराव लांबलचक.

नोर्ग्येलिंग वसाहत : निर्वासितांपैकी अनेकांनी सुरुवातीची वर्षे हिमालयात रस्त्यांवर खडी फोडण्यात काढली. त्यांना शेतीवर वसवण्याचे काम १९६० मध्ये कर्नाटकातील बैलकुप्पे येथून सुरू झाले. छत्तीसगडातील मैनपाट, ओडिशातील चंद्रगिरी, कर्नाटकातील मुंडगोड अशा वसाहती एकामागून एक उभ्या राहिल्या. नोर्ग्येलिंग १९७२ ची. राज्य सरकारने दिलेल्या जमिनीवर ती वसली, तेव्हा हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि अर्जुनी मोरगाव तालुका तिकडे गेला. धरमशाळेच्या तिबेटी प्रशासनाच्या दप्तरी मात्र वसाहतीची ओळख आजही ‘भंडारा’ अशीच आहे. जिल्हा फुटला तरी मैत्री संघाचे भंडारेकर कार्यकर्ते कॅम्पला आपला मानतात, त्याला कागदोपत्री आधारही आहे म्हणायचा.

परिसर झाडीपट्टीचा. नवेगावबांधचा कोहळी समाजाने बांधलेला जुना तलाव, इटियाडोह धरण, महाशिवरात्रीच्या यात्रेचे प्रतापगड हे सगळे जवळपास. चार हजार मीटर उंचीवरच्या, जव पिकवणाऱ्या आणि याक राखणाऱ्या माणसांनी इथे येऊन धान लावायला शिकावे, ही गोष्ट ऐकायला सोपी वाटते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणारा पारा, पावसाळ्यात हिवताप, आणि रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून उभे राहणे. यातले काहीच तिबेटच्या पठारावर नव्हते. बांधीत पाणी किती धरायचे, परे कधी उपटायचे हे शेजाऱ्यांकडूनच शिकता येण्यासारखे होते. तिबेटी वसाहतींत शेतीच्या हंगामात आसपासच्या गावांतले मजूर कामाला असतात, तसे ते इथेही असतात. मैत्रीचा पहिला व्यवहार असा मजुरीचा आणि बियाण्याचा होता. संघाच्या सभा मागाहून आल्या.

धानाचे एक पीक घरखर्चाला पुरत नाही. म्हणून दिवाळीच्या आगेमागे कॅम्पातली कर्ती माणसे स्वेटर विकायला शहरांत जातात. हा धंदा भारतभरच्या तिबेटींचा. माल मुख्यतः लुधियानाचा. तिथले ठोक व्यापारी हंगामाच्या सुरुवातीला उधारीवर गाठोडी देतात आणि हिवाळा संपला की हिशेब चुकता होतो. अनेक ठिकाणी हे नाते बापाकडून मुलाकडे आलेले आहे. नागपूरच्या तिबेटी स्वेटर बाजारात घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला ती उधारी दिसत नाही, आणि दिसावी अशी विक्रेत्यांचीही इच्छा नसते. थंडी कमी पडली की मात्र तिची झळ थेट गोठणगावापर्यंत पोहोचते. फेब्रुवारी–मार्चमध्ये लोक लोसर या तिबेटी नववर्षाला कॅम्पात परततात. तेव्हा गोम्पा, चोर्तेन आणि पाच रंगांच्या मंत्रपताका पाहायला आसपासचे लोकही येतात. मोमो आणि थुक्पा खाऊन जातात.

कार्य : संघाचे वर्ष ठरावीक तारखांवर चालते. १० मार्च हा उठावाचा स्मृतिदिन, ६ जुलै दलाई लामांचा वाढदिवस, २ सप्टेंबर तिबेटी लोकशाही दिन, १० डिसेंबर मानवी हक्क दिन. याच तारखेला १९८९ मध्ये दलाई लामांना नोबेल शांतता पारितोषिक प्रदान झाले. मिरवणूक, जाहीर सभा, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पंतप्रधानांना निवेदन, शाळा-महाविद्यालयांतून व्याख्याने हे नेहमीचे कार्यक्रम. मागण्याही बहुतेक त्याच: दलाई लामांना भारतरत्न द्यावे, मे १९९५ पासून चीनच्या ताब्यात असलेल्या पंचेन लामांचा ठावठिकाणा जाहीर करावा, चीनशी बोलताना भारताने तिबेटचा विषय वगळू नये. निवेदनांना उत्तर क्वचित येते. तरी ती दरवर्षी दिली जातात. त्यात हट्ट आहे, आणि या कामात हट्टावाचून दुसरे भांडवलही फारसे नाही.

तिबेटच्या बाजूने काम करणारा हा एकटाच संघ नव्हे. १९९९ मध्ये स्थापन झालेला ‘भारत-तिब्बत सहयोग मंच’ राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या परिवाराजवळचा आहे. या साऱ्या गटांचा मेळ घालण्यासाठी दिल्लीत एक राष्ट्रीय समन्वय गट असून तिबेटी प्रशासनाचे समन्वय कार्यालय त्याला साहाय्य करते. एरवी एका मंडपात न बसणारे समाजवादी, आंबेडकरी आणि संघवाले तिबेटसाठी एका व्यासपीठावर दिसतात. मात्र प्रत्येकाचा तिबेट वेगळा असतो: कुणाला तो हिमालयाची तटबंदी म्हणून हवा, कुणाला कैलास–मानसरोवराची वाट म्हणून, कुणाला बुद्धाचा देश म्हणून. तिबेटींनी यांपैकी कुणालाच नाराज केलेले नाही, यात निर्वासिताचे शहाणपण आहे.

बौद्ध अनुबंध : पूर्व विदर्भात तिसरा, म्हणजे बुद्धाचा तिबेट सर्वांत आपला वाटतो. तिबेटी चरित्रपरंपरा आचार्य नागार्जुनाचा जन्म विदर्भातला मानते. रामटेकजवळच्या मनसर येथील अवशेषांशी त्याचे नाव जोडले जाते. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९–७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीवर मोठा स्तूप उजेडात आला, मुचलिंद नागाचे शिल्प मिळाले. १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर नव्याने बौद्ध झालेल्या समाजाला आपल्या शेतांखाली दोन हजार वर्षांपूर्वीचा बुद्ध सापडावा, याचे महत्त्व पुराव्यापुरते राहिले नाही. तिबेटी लामा दीक्षाभूमीवर येतात, तेव्हा त्यांचे स्वागत पाहुण्यांसारखे होत नाही, भाऊबंदांसारखे होते.

तरीही दोन्हींकडचा धम्म एक नाही, हे नोंदवले पाहिजे. तिबेटी वज्रयानातील देवता, अवतारी लामांची परंपरा, पूजाविधी हे बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला सहज पचणारे नाही. उलट, नवबौद्धांचा जातिअंताचा आग्रह हा तिबेटी मठाच्या नित्यविचाराचा विषय नव्हता. मैत्री संघाच्या सभांत हा मुद्दा सहसा टाळला जातो. टाळण्यात सौजन्य आहे, पण एक चांगला वाद हातचा जातो.

याच भागात जपानशीही अशा मैत्रीचे धागे आहेत. पवनीजवळ रुयाड येथे पञ्ञा मेत्ता संघाने जपानी सहकार्याने उभारलेला महास्तूप २००७ मध्ये खुला झाला. कामठीचे ड्रॅगन पॅलेस हे जपानी देणगीदार नोरिको ओगावा यांच्या मदतीने १९९९ मध्ये उभे राहिले. तिथे देणारा हात परदेशी आणि घेणारा वैदर्भीय आहे. तिबेटच्या बाबतीत उलट.

तुलना : दोन देशांच्या जनतेत मैत्री वाढवणाऱ्या संस्था विसाव्या शतकात पुष्कळ निघाल्या. अमेरिका आणि कोरिया यांच्यासाठीची न्यूयॉर्कची ‘कोरिया सोसायटी’ हा ठळक नमुना. कोरियन युद्धात अमेरिकेच्या आठव्या सैन्याचे नेतृत्व केलेले जनरल जेम्स व्हॅन फ्लीट यांनी १९५७ मध्ये ती स्थापली. तिच्या पाठीशी उद्योगसमूह आहेत, निवृत्त राजदूत आहेत. व्हॅन फ्लीट यांच्या नावाचा पुरस्कार ती देते. २०२० मध्ये तो बीटीएस या गायकवृंदाला मिळाला, आणि स्वीकाराच्या वेळी कोरियन युद्धाचा उल्लेख झाला म्हणून चीनमध्ये संताप उसळला. महाराष्ट्राला जवळचे उदाहरण चीनशी मैत्रीचेच आहे. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, तसे नागपूरचे डॉ. चोलकरही होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच वारले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या भारत–चीन मैत्रीच्या कार्यक्रमांना चिनी दूतावासाची आस्थेने हजेरी असते.

या दोन्ही नमुन्यांत मैत्रीच्या दोन्ही टोकांना सरकार आहे. भारत–तिबेट मैत्री संघाच्या एका टोकाला राज्यच नाही, आणि दुसऱ्या टोकाचे राज्य चीनकडे पाहून कधी हात पुढे करते, कधी मागे घेते. २०१८ मध्ये तिबेटींनी निर्वासनाची साठी धरून ‘थँक यू इंडिया’ वर्ष साजरे केले, तेव्हा केंद्रातील पदाधिकाऱ्यांनी या कार्यक्रमांपासून दूर राहावे अशी सूचना निघाली आणि दिल्लीतला मुख्य समारंभ धरमशाळेला हलवावा लागला. पुरस्कार नाही, शिष्यवृत्तीचा निधी नाही, दूतावासाची मेजवानी नाही. या संघाची मैत्री त्यामुळे मोर्चा, निवेदन आणि शेजारधर्म यांवरच चालते.

सद्यःस्थिती : कॅम्पातील बहुतेकांचा कायदेशीर दर्जा परदेशी नागरिकाचा. प्रत्येकाजवळ नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे बोलीतली ‘आरसी’, असते. तिचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते, आणि परदेशप्रवासासाठी पासपोर्टऐवजी पिवळे ओळखपुस्तक. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी नागरिकत्व कायद्यानुसार जन्मानेच भारतीय ठरतात, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० च्या निकालात स्पष्ट केले. तरी पुष्कळांनी नागरिकत्व घेतलेले नाही. घेतले तर वसाहतीतल्या जागेवरचा हक्क जाईल, आणि परतण्याची आशा सोडल्यासारखे होईल, असे दोन्ही प्रकारचे विचार त्यामागे आहेत.

केंद्राने २०१४ मध्ये तिबेटी पुनर्वसन धोरण जाहीर केले. वसाहतींच्या जमिनींचा वीस वर्षांचा भाडेपट्टा, स्वस्त धान्य आणि रोजगार हमीसारख्या योजनांचा लाभ या त्यातील मुख्य तरतुदी, अंमलबजावणी राज्यांकडे. आता संघाच्या निवेदनांत पंचेन लामांच्या जोडीला सातबारा, रेशन आणि रस्त्याचे प्रश्नही असतात. कॅम्पातली तरुण पिढी शिकून बंगळूरू, दिल्ली आणि तिथून युरोप-अमेरिकेकडे जाते; शाळांचे पट घटतात आणि रोवणीला घरचे हात उरत नाहीत. ही अडचण गोठणगावच्या मराठी शेतकऱ्याचीही आहे.